विहीणबाईंना भूक विचारली तेव्हा

हसायचं तर हसा, पण एका चुकीच्या स्पॅनिश शब्दाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

माझ्या सायलीने स्पेनमधला मुलगा केला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा तिच्या सासूबाई, पिलारबाई, पहिल्यांदा अलिबागला आल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी दोन महिने मोबाइलवर इंग्रजीतून स्पॅनिश घोकलं. येणं, जाणं, जेवण, भूक, सगळं.

मांडव्याला बोट लागली. सायली त्यांना घेऊन उतरली. मी पुढे होऊन ऐटीत विचारलं, "तिएने ओंब्रे?"

सायलीने कपाळावर हात मारला. "आई, भूक म्हणजे आंब्रे! तू विचारलंस, तुम्हाला पुरुष आहे का?"

आणि तेही वर्षापूर्वी यजमान गेलेल्या बाईला! धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, "मी मारिदो मुरिओ." माझा नवरा गेला. एवढं मला कळलं.

मी म्हटलं, "मी मारिदो ताम्बिएन." माझाही.

त्यांनी बॅग खाली ठेवली आणि मला मिठी मारली. आमचे हे जाऊन चार वर्षं झाली. सायलीला परदेशात काळजी नको, म्हणून तिच्यासमोर मी कधी रडले नव्हते. त्या दिवशी जेटीवरच रडले.

सायलीही रडत जवळ आली. म्हणाली, "बाबांचं नाव काढलं तर तुला त्रास होईल, म्हणून मी इतकी वर्षं गप्प होते गं."