बत्तीसच्या पिस्तुलाला बावीसची नळी

हॅलो?… हॅलो, कोण?… सावनी? अगो मोठ्याने बोल, मागे फटाके वाजतायत तुझ्या… रेंजवर हायस व्हय! मग मारल्यास काय गोळ्या, की नुसती नेम धरून उभी?

अडकली? परत?… चारातल्या दोन. वा! म्हणजे निम्म्या तरी सुटल्या. पेढे वाटतो वरसे गावात.

नाय गो, हसत नाय. बोल… हो… हो… म्हणजे गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर पडत नाय. तिथेच दात विचकून बसते. कशामुळे?… गोळी हलकी, म्हणून वरचा भाग पुरता मागे सरकत नाय. अगो मग मी काय वेगळं सांगत होतो? मे महिन्यात तुझ्या सुश्रुतची मुंज झाली, त्याच आठवड्यात आईच्या पिस्तुलाचं लायसन तुझ्या नावावर आलं, आणि मांडव उतरायच्या आत तू हे नळी बदलायचं किट मागवलंस. बत्तीस बोरच्या पिस्तुलाला बावीस बोरची नळी! बैलाची झूल कोकराच्या अंगावर.

माहीत हाय, सरावाला स्वस्त पडतं. तोंडपाठ झालंय मला. बत्तीसच्या गोळ्या मोजून मिळतात, बावीसच्या भरपूर. धक्का कमी, मनगट दुखत नाय… हो, अलिबागला चार खेपा घालून दुसरी नळी लायसनवर चढवून घेतलीस, सगळं कायद्यात हाय. नळी कायद्यात बसली गो, पिस्तुलाशी तेवढं तिचं जमत नाय.

अगो ऐक… ऐक ना. तुझ्या आईने पंचवीस वर्षं एकाच नळीवर सराव केला. रोह्याच्या शाळेत आठवडाभर पोरांमागे ओरडायची, नि रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून रेंजवर. मी आपला कानात कापूस घालून बाकड्यावर. गोळ्या थोड्या, म्हणून एकेक जपून मारायची. तिची पुंगळी कधी अडकलेली मी बघितली नाय… हो, तिला मनगट होतं. तुझं काय, मोबाईल धरून धरून… बरं, राहिलं. राहिलं म्हटलं ना.

तेल घातलंस?… मॅगझिन बदलून बघितलंस?… काळुराम काय म्हणतो?… तुमच्या रेंजवरचा काळुराम गो, दुसरा कुठला! "दुसऱ्या बनावटीच्या गोळ्या आणा." छान. नळी बदलली, मॅगझिन बदललं, आता गोळ्या बदला. उद्या म्हणेल, बाई बदला.

काय करतेस?… कुठली काढलीस?

आईची? ती कशाला बरोबर नेलीस?

नाय, नाय. अगो तिला कशाला हात लावतेस? ह्याच नळीवर कर की सराव. अडकलेली पुंगळी काढायचा पण सराव लागतो माणसाला… स्पर्धा पुढच्या रविवारी हाय, कळतं मला… तरी पण. ऐक, ती जुनी झाली. दोन वर्षं पोलीस ठाण्यात जमा होती, आपल्याकडची दमट हवा, गंज चढला असेल… नाय दिसत? बाहेरून कुठे दिसतो गंज?

व्हय, आताच कौतुक केलं तिचं. माणूस बोलतो. बाकीचं कधी ऐकत नायस, हेच बरं ऐकलंस!

नळीच्या डब्याला कुंकू लागलंय? मग लागणारच. गुरुवारी दसरा झाला ना? कोयता, विळा, तुझा लॅपटॉप, सुश्रुतची सायकल, सगळ्यांना कुंकू लावलं. जावयांनी पेणहून गणपतीच्या कारखान्यातल्या कोरण्या आणल्या, त्यांना पण लावलं. तुझ्या आईच्या नळीने काय घोडं मारलं होतं?

काय?… बसवलीस?

सावनी. थांब.

अगो थांब म्हणतो ना! गोळी घालू नको… मस्करी नाय करत. घोड्यावरून बोट बाहेर काढ आधी. पिस्तुलाचं तोंड समोर टेकडीकडे ठेव. मॅगझिन काढ… काढलंस? नक्की?… काळुरामला हाक मार. मार हाक!

आला?… हां. त्याच्यासमोर उघड आणि नळी बाहेर काढ. काढलीस?… मागच्या बाजूने उजेडाकडे बघ. काय दिसतं?

दिसणारच नाय. पुढून बोटभर मेण ओतलंय त्यात.

मी. मीच, अजून कोण! दसऱ्याच्या दुपारी. तुम्ही सगळी आत श्रीखंडावर तुटून पडलेली, मी मागच्या पडवीत मेणबत्ती वितळवत बसलो होतो.

ओरड. ओरडायलाच हवं… हो. फुटली असती. तुझ्या हातात फुटली असती, कळतंय मला… सांगणार होतो गो. मला वाटलं, तू नवी नळी मिरवतेस, तर जुनी आता डब्यातच राहील. म्हाताऱ्याला तेवढं सुचलं, तेवढं केलं.

रडतेस काय?… बरं, नाय रडत. डोळ्यात धूळ गेली. रेंजवर धूळ असायचीच.

का म्हणजे काय… आता कसं सांगू…

अगो, तिने ती साफ केलेली नाय. तुला माहीत हाय ना, पिस्तूल पुसल्याशिवाय तिला जेवण जायचं नाय. त्या रविवारी पाऊस होता, यायला उशीर झाला. म्हणाली, आज डावा हात भरून आलाय, उद्या करीन. मी म्हटलं, एवढी नेमबाज नि हात दुखतो काय! चेष्टा केली मी… हो. चेष्टाच केली.

डब्याच्या तळाला स्पंज हाय ना, तो उचल. चिठ्ठी हाय?… वाच… "सोमवारी साफ करणे." तिचंच अक्षर. पन्नाशी उलटल्यावर मला पाटीवर गिरवायला लावलं, ते हेच अक्षर. मला वाचता आलं म्हणून कळलं, नायतर कागद म्हणून फेकला असता.

मग ती तशीच ठाण्यात जमा झाली. तू घरी आणलीस, लगेच किट चढवलंस, ही तशीच बाजूला. दसऱ्याला उजेडाकडे धरली, तर आत काजळी. तिने मारलेल्या गोळ्यांची गो. म्हटलं, एक दिवस तू ब्रश घालशील नि दोन मिनिटांत चकचकीत करशील. म्हणून बुजवली.

व्हय, मूर्खपणा. बोल अजून…

काय?… परत डब्यात ठेवू म्हणतेस?

हां… ठेव तिला. चिठ्ठीत गुंडाळून ठेव. आणि दुसऱ्या बनावटीच्या गोळ्या आण खरंच, काळुराम म्हणतो तर. तुझी ती नवी नळी एवढी काय वाईट नाय. अडकते, पण हात शाबूत ठेवते.

कोण बोलायचंय?… दे त्याला.

हां काळुराम, नमस्कार… रजिस्टरात लिहावं लागतं? लिही की. कारण लिही, म्हाताऱ्याची अक्कल… तसं नाय चालत? बरं, रीतसर लिही. नळीत मेण होतं, गोळी झाडलेली नाय, कुणाला इजा नाय. ही नळी आजपासून सरावाला वापरायची नाय… काय? मूळ लायसन कुणाच्या नावावर होतं?

सुनीती दामोदर मोकल. राहणार वरसे, तालुका रोहा.

हयात?… नाय रे बाबा. लिही. सुनीती मोकल मयत झाली, सोमवार, चौदा ऑगस्ट दोन हजार तेवीस, सकाळी सात वाजता, राहत्या घरी.