ओल्या चादरी आणि बाराची सावली

आमच्या बाबांनी वर्षभर ओल्या चादरींवर आळ घेतला होता, ठाऊक आहे का?

जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर कपड्यांच्या तारेचा लोखंडी खांब आहे. एका रविवारी घड्याळात बारा वाजताच बाबांनी त्याच्या सावलीच्या टोकाला रंगाचा ठिपका दिला. "झालं आपलं सूर्यघड्याळ!"

पुढच्या महिन्यात बाराला सावली भलतीकडंच. "थंडीत लांब, उन्हाळ्यात आखूड, हे कळतं की. पण बाजूला कशी सरकते?" शेजारच्या पद्माताई त्या तारेवर सोलापुरी चादरी वाळत घालायच्या. बाबा त्यांच्यावरच घसरले, "तुमच्या चादरींच्या वजनानं खांब वाकतोय!"

"काय काका, खांब हाय का काडी?"

पुरावा म्हणून बाबा ऊन असेल त्या दर रविवारी बाराला ठिपका देत राहिले. वर्षानं बघतो तर गच्चीवर इंग्रजी आठचा आकडा उमटलेला! आम्ही पद्माताईंनाही वर बोलावलं.

मी मोबाईलवर वाचून दाखवलं. पृथ्वी कललेली, त्यात सूर्याभोवती कधी भरभर जाते, कधी सावकाश. घड्याळ मात्र वर्षभर एकाच चालीनं चालतं. म्हणून सावलीचे बारा कधी पुढं, कधी मागं, आणि घड्याळाच्या बाराला सावली कधी डावीकडं, कधी उजवीकडं.

बाबा त्या आठाच्या कडेनं एक फेरी मारून आले. मग हळूच म्हणाले, "घाला ताई चादरी. खांब जागेवरच आहे. हलतोय आपण."