दुसरा ग्लास

नाही हो, ती वरच्या फळीवरची बाटली नका मागू — ती नुसती धूळ खायला ठेवलीय. लग्नाला शहरातून पाहुणे येतात, त्यातलं कुणीतरी ती मागतं, एक घोट घेतं, मोठ्या कौतुकानं मान डोलावतं आणि मग गुपचूप राय मागतं. राय म्हणजे ही — ही खालची, साध्या लेबलाची व्हिस्की. नाव राय धान्याचं, पण आत बहुतेक मकाच, राय आपली चिमटीभर मिठासारखी — पण सगळा कॅनडा हिला रायच म्हणतो, आणि मक्यानं कधी तक्रार केलेली ऐकली नाही. स्वस्त आहे म्हणून नाक मुरडू नका. आधी कोरी घ्या, एवढीशी, बर्फ नको — बर्फ काय, बाहेर सगळीकडे तोच आहे. हं. बघा, कशी सरळ उतरली. पहिली कोरी, जिभेला कळायला. दुसरी जिंजरमधून, म्हणजे आल्याच्या सोड्यातून, गप्पांना पुरायला — हे माझं नाही, ओरेस्टचं म्हणणं. ओरेस्ट म्हणजे माझा नवरा. तो काय तिथे काचेपाशी बसलाय, हिरव्या स्वेटरमध्ये.

आणि घाई काय आहे? हायवे बंद आहे, पोलिसांनी आडवं फाटक टाकलंय, बर्फ काढायची गाडी आली की उघडतील — जेवणानंतर, म्हणाले, म्हणजे धरा दुपार कलल्यावर. तुम्ही काय, कापणीच्या कंबाइनचे सुटे भाग विकता ना? मग कळलं असेल तुम्हाला, इथे माणूस स्वतःच्या मर्जीनं निघत नाही, रस्त्याच्या मर्जीनं निघतो. गाडीची वायर लावलीत का पण? बाहेर भिंतीला प्लग आहेत — हां, लावलीत, शहाणे आहात. नाहीतर इंजिन असं गोठतं की वसंतापर्यंत बसा माझ्यासमोर. निघताना मात्र सोडवा हं ती. परके लोक हमखास विसरतात — गाडी ऐटीत पुढे जाते आणि वायर भिंतीला लोंबत राहते, आणि आम्ही काचेतून हसतो. वाईट आहोत आम्ही, करमणूक म्हणून दुसरं काही नाही.

ते काचेपलीकडे, खाली क्लबच्या बर्फाच्या मैदानावर जे ओरडतायत ना, ते पेन्शनर लोक — शुक्रवारी दुपारी त्यांचं कर्लिंग असतं. एकानं दगड सरकवायचा, दोघांनी त्याच्यापुढे ब्रश घासत पळायचं, आणि कर्णधारानं पलीकडच्या टोकाला उभं राहून ब्रशनं बर्फावर टकटक करायची — इथे टाक, बरोबर इथे. ओरेस्ट कर्णधार होता. होता म्हणजे — अर्धांगाचा झटका आला, त्याला आता दुसरा हिवाळा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एक शब्द नाही. रोज मी त्याला इथे आणते, त्या खुर्चीत बसवते, तो खाली बघत बसतो आणि मी ग्लास पुसत बसते. हात हलवलात? नाही, तो नाही हलवणार, तो कुणाकडे बघतच नाही. ऐकू येतं त्याला, कानाला काही झालेलं नाही, पण इथून तिथवर नाही जात — हा फ्रिज बघा कसा घरघरतोय, ह्याच्या आवाजात माझंच मला ऐकू येत नाही.

त्याच्यासमोरचा ग्लास? राय-जिंजर. म्हणजे — इकडे या जरा, सांगते — राय नाहीच त्यात. नुसतं जिंजर. डॉक्टर म्हणाली, एक थेंब नाही, आर्डिथ, एक थेंब दिलास तर तू जबाबदार. आणि ह्या माणसाला राय नाही म्हणजे — तुम्ही समजा त्याला सांगितलं की आजपासून खिडकी बंद, तसं. मग मी काय करते? बोट रायमध्ये बुडवते आणि ग्लासच्या कडेवरून फिरवते. बस, एवढंच. वास येतो, ओठाला लागतं, बाकी सगळा सोडा. दोन हिवाळे पितोय, आणि पठ्ठ्याला पत्ता नाही! सगळ्या तालुक्यात ज्याच्या जिभेला लोक मानायचे, बाटली न बघता सांगायचा ही कुठली — त्याला मी आल्याचा सोडा पाजतेय. हसू येतं कधीकधी. कधीकधी नाही येत.

मी इथली नाही. बोलण्यावरून वाटतं ना इथली? वाटणारच. मी रेजायनाची, तिथे विम्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. ऑफिसातले लोक इथे सामन्याला येणार होते, टीमला चौथं माणूस कमी पडलं, म्हणून मला ओढलं — मला धड घसरता येत नव्हतं, दगड कसला सरकवते! हरलो. सपाटून हरलो ओरेस्टच्या टीमकडून. आणि कर्लिंगची रीत तुम्हाला ठाऊक आहे — नाही? सुटे भाग विकता आणि एवढंही नाही? अहो, जिंकणाऱ्यानं हरलेल्याला पहिला ग्लास पाजायचा. एकाच टेबलावर बसायचं दोन्ही टीमनी, रुसून गाडीत जाऊन बसायचं नाही. आणि मग हरलेल्यानं दुसरा पाजायचा. तो फिटला की उठायला मोकळे. त्याच्याआधी उठणं म्हणजे — नाही, उठतच नाही कुणी. मी आजवर पाहिलं नाही.

तर ओरेस्टनं मला पाजला. हीच राय. मी जन्मात पहिल्यांदा कोरी प्यायले, डोळ्यांत पाणी आलं, तो हसला — काय हसायचा हो तो, खालचे खेळ थांबवून वर बघायचे. मी पर्स उघडतेय दुसऱ्यासाठी, तेवढ्यात कुणीतरी आत येऊन ओरडलं की वादळ आलं, रस्ता बंद. झालं! मग कोण कुणाला पाजतंय, सगळे खुर्च्या सरकवायला लागले, गाद्या शोधायला लागले. रस्ता उघडला तेव्हा बाकीचे गेले. मी राहिले. हो, अशीच — तुमच्यासारखीच वाट बघत बसले होते, इथेच, ह्याच स्टुलावर असेन. घाबरू नका, तुम्हाला नाही कुणी ठेवून घेत.

आणि मग ती थट्टाच होऊन बसली. माझा दुसरा ग्लास राहिला ना पाजायचा! लग्नात म्हणाला, सगळ्यांसमोर — हिनं अजून माझा ग्लास फेडलेला नाही, तेव्हा ही टेबलावरून उठू शकत नाही. लोक खो खो हसले. मीही हसले. नंतर गारपिटीनं सगळा गहू झोपवला त्या वर्षी मी म्हटलं, बास झालं, रेजायनाला जाऊ, तुला तिथे काम मिळेल, मला मिळेल — तर म्हणतो, आर्डिथ, आधी माझा ग्लास. पोटातलं मूल राहिलं नाही, मी सहा दिवस अंथरुणातून उठले नाही, आईकडे जाते म्हटलं, बॅग भरली — दारात उभा राहिला, डोळे लाल, आणि तोंडानं काय, तर तेच. आधी माझा ग्लास. काय करणार? बॅग उघडली. रागावून रागावून किती रागावणार, माणूस हसतोय आपल्यासमोर! म्हटलं ठीक आहे, नाही पाजत जा, कधीच नाही पाजत. आणि खरंच नाही पाजला. गंमत बघा, बार माझ्या हातात, सगळ्या गावाला पाजते, त्याला पाजते — पण ते क्लबच्या हिशेबातलं, ते त्याचं तो घेतो. माझ्याकडून, माझ्या पर्समधून — आजपर्यंत नाही.

हो, ती बॅग माझीच. मघाशी तुमच्या गाडीत टाकली ती. बहिणीचं सामान आहे म्हटलं ना मी — आयरीन, व्हँकुव्हर बेटावर असते, तुम्ही कॅलगरीपर्यंत नेलीत की पुढे बसनं जाईल. तिच्याकडे आत्ता फुलं आलीत, फोनवर सांगते, मुद्दाम सांगते, आर्डिथ, मी आज स्वेटर घातला नाही. आता एक बोलू? बॅगेबरोबर एक माणूसही असता तर — जागा आहे ना पुढच्या सीटवर? मी बडबड करणार नाही. म्हणजे करीन, पण झोपू देणार नाही तुम्हाला, ते चांगलंच की. पंधरा दिवस जाऊन येते, एवढंच. स्टेफा, त्याची बहीण, चार वाजता येतेय त्याला न्यायला, पेरोगी — बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या — करून ठेवलेत तिनं त्याच्यासाठी. सगळं ठरलंय.

असं नका बघू. पंधरा दिवसांच्या मानानं बॅग जड आहे, माहीत आहे मला. तुम्हीच उचललीत ना. त्यात माझ्या आईचं पेटीतलं घड्याळ आहे, उन्हाळ्याचे कपडे आहेत — उन्हाळ्याचे. स्टेफाला माहीत नाही. सोमवारपासून त्याला इथल्या वृद्धाश्रमात खोली मिळतेय, कालच फोन आला, तेही तिला माहीत नाही, आयरीन कळवेल. मी नाही येणार हो परत. हे मी अजून कुणाला बोलले नव्हते, मोठ्यानं तर नाहीच. तुम्ही परके, म्हणून. मी थकले. त्याला उचलून, त्याला पुसून, त्याच्या तोंडाकडे बघून — काही मागत नाही, काही बोलत नाही, शिव्या तरी द्याव्यात! रोज सकाळी उठते आणि वाटतं, आजही हेच, त्या काचेच्या अलीकडे. जीव गुदमरतो माझा. प्रेम नाही असं नाही. असं म्हणायला किती सोपं असतं, प्रेम नाही म्हणून गेली. आहे, म्हणून तर एवढी वर्षं — जाऊ दे.

ऐकलंत? ते बघा, पिवळे दिवे — बर्फ काढायची गाडी. गेली पलीकडे. म्हणजे फाटक उघडलं. घ्या, तुमचं संपवा, मी एकच काम करते आणि कोट घालते. एकच. हा स्वच्छ ग्लास. ही राय — नाही, जिंजर नाही, बोटबिट नाही, खरी, कोरी. डॉक्टरला काय सांगायचं ते सांगीन. आणि हे माझ्या पर्समधून, बघा, गल्ल्यात टाकते, तुम्ही साक्षीदार. एवढं तरी सरळ करून जाते. फिटला की उठायला मोकळी — रीत आहे. बसा, आलेच.

ओरेस्ट. हे घे. हो, हा माझा. दुसरा. हस की मेल्या, एवढी वर्षं मागत होतास ना? वास घे. हो, खरी आहे. अरे बघतोस काय असा माझ्याकडे — घे ना, डाव्या हातानं, मी धरते. ओरेस्ट? नको काय? हे काय करतोस, सांडेल — अरे, ढकलू नकोस —

थांबा. थांबा जरा, तुम्ही दार उघडू नका. हा फ्रिज कधी बंद पडला हो? घरघर नाही येत. कधीपासून नाही येत? मी बोलत होते तेव्हा चालू होता ना — गाडी आली तेव्हा? त्याच्याआधी? बोला ना! मान हलवू नका नुसती. बॅगेचं बोलले तेव्हाही बंदच होता? म्हणजे सगळं — खोलीचं, सोमवारचं —

ऐकलंस तू. सगळं ऐकलंस. आणि आधीचंही माहीत होतं, हो ना? कडेला बोट फिरवायचे ते? दोन हिवाळे नुसता सोडा पीत बसलास, चव घेतल्यासारखं करत, माझ्यासाठी? आणि आज खरी आणून ठेवली तर — बघितलंत तुम्ही? एक थेंब सांडला नाही, डाव्या हातानं, सबंध टेबलावरून सरकवत आणला माझ्यापर्यंत. पीत नाही म्हणतोय. फिटू देत नाही मेला. आणि ते बोट बघा त्याचं. शेजारच्या खुर्चीवर टकटक करतोय. कर्णधार! इथे. बरोबर इथे. कळतंय मला, ओरेस्ट, आंधळी नाही मी. तुझं तोंड गेलं तेव्हा वाटलं होतं, आता तरी हे ऐकावं लागणार नाही.

नाही, तुम्ही काही बोलू नका. पंधरा दिवसही नको, काही नको. जा तुम्ही. माझी बॅग काढून दाराच्या आत ठेवा, बर्फात नको, आईचं घड्याळ आहे. तुमच्या रायचे पैसे राहू देत. आणि लवकर करा, स्टेफा यायच्या आत ती बॅग मला आत नेऊन ठेवायला हवी. सरक रे, ओरेस्ट, बसू दे मला. आण तो ग्लास इकडे, मीच पिते.

अजून उभेच आहात? दार लावा, गारठा आत येतोय. आणि ती वायर — आधी वायर सोडवा भिंतीची. जा.