लाडू कोणासाठी?

सोयगावच्या गाडीसाठी केसरबाई बसस्थानकात लोखंडी कठड्यांमधल्या रांगेत उभ्या होत्या. पुढं एक बहीण-भाऊ बोलत होते, आणि केसरबाईंना कान झाकायची सवय नव्हती.

“संघपाल, डब्यात काय हाय?”

“लाडू. आईनं मामासाठी दिलेत.”

“मामाला तर शुगर हाय.”

“मग मामीला. ताई, तू लई शंका घेती. समुपदेशनाच्या मॅडम काय म्हणल्या? हळूहळू भरवसा ठेवायला शिक.”

“शिकायलेच की. आता कुठं दार वाजलं तरी अंगाला कापरं सुटत नाय. अन् ही नवी साडी?”

“तुझीच.”

“मामाकडं जायला? साडी अन् लाडू देऊन पोरीला नांदायला धाडतेत, संघपाल. खरं सांग, वाटंत सिल्लोडलाच, माझ्या सासरी उतरायचं ना आपल्याला?”

“दाजी फक्त भेटणारेत. दारू सोडली त्यांनी. फोनवर रडत होते बिचारे.”

“माझा हात मोडला, तवाबी रडलाच होता.”

“अगं, लोक काय म्हणतेल?”

“लोकांची लाज तुला हाय ना? मग नेस ती साडी, अन् तूच जा नांदायला!”

ती मागं वळली. केसरबाईंनी अंग चोरून तिला वाट दिली. ती तडक रिक्षांकडं निघाली.

“ताई, थांब! ओ मावशी, सरका जरा.”

“कशापायी?”

“बहीण चालली माझी!”

“मग जाऊ दे की तिला,” केसरबाई म्हणाल्या, आणि आपलं गाठोडं त्यांनी त्याच्या वाटेत आडवं सारलं.