सगळेच कोरस

आमचे पप्पा कोरसवाले होते, हे मी तुला कधी सांगितलंय का गं? मानखुर्दपासून मुलुंडपर्यंत जयंतीच्या स्टेजवर त्यांनी वीस वर्षं भीमगीतं गायली, पण कायम गायकाच्या मागे उभं राहून. कॅसेटही निघाल्या. त्यावर नाव एकट्या गायकाचं.

मी युनिव्हर्सिटीच्या क्वायरमध्ये गायला गेले, तर पहिल्याच दिवशी सरांनी थांबवलं. "तुझा एकटीचा आवाज ऐकू येतोय. बाकीच्यांत मिसळू दे." तीन महिने मी तेवढंच शिकले यार!

पहिल्या कार्यक्रमाला पप्पा आले. संपल्यावर विचारतात, "छान झालं. पण तुमचा मेन गायक आलाच नाही का?"

"मेन कोणी नसतोच, पप्पा. आम्ही सोळा जण सारखेच."

"म्हणजे सगळे कोरसच?"

"हो."

रिक्षात बसलो. मला वाटलं, लेक पुढे उभी राहील अशी त्यांची आशा होती, वाट लागली. तेवढ्यात त्यांनी खिशातून कार्यक्रमाचा कागद काढला, चष्मा लावला आणि सोळाच्या सोळा नावं मोठ्याने वाचली. माझ्या नावापाशी थांबलेसुद्धा नाहीत.

मग कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

"कोरसची नावं छापलीत गं," म्हणाले. "सगळ्यांची."