सातवं बाकडं

"विकायलाच काढलंय ना? मग घटकाभर टेकलं तर बाकडं झिजणार आहे का?"

सॅगने नदीकाठचं आमचं चर्च बंद झालं, त्याच्या सामानाची विक्री होती. रांगेत माझ्यापुढे दोघी म्हाताऱ्या बहिणी. कुरकुर धाकट्या जर्मेनची.

"ताई, आपलं सातवं बाकडं मी घेणार. आईची जागा आहे ती."

"दोन खोल्यांत ठेवशील कुठे?"

"पलंग काढीन. तुला काहीच कसं वाटत नाही गं?"

"शेवटचं वर्षभर सगळे ख्रिस्तप्रसादाला उठायचे, आणि आई तिथे एकटी बसून राहायची."

"पोटात दुखायचं तिच्या. तूच सांगायचीस."

"पाच वर्षांच्या पोरीला काय सांगणार?"

"आता त्र्याऐंशीची आहे. सांग."

"डॉक्टर म्हणाले होते, आता मूल नको. फादर वर्षाच्या भेटीला घरी आले, तर पाळणा रिकामा. पुढचं मूल होईपर्यंत तुला पापाची माफी नाही, आणि माफीशिवाय ख्रिस्तप्रसादही नाही, असं आईला म्हणाले."

"मग?"

"मग बाराव्या बाळंतपणात गेली."

"देवाची इच्छा, असंच म्हणायचे सगळे."

"फादरनी मारलं तिला, जर्मेन. आणि आपल्या बाबांनी मारू दिलं."