नळी गेली म्हणून सांग

— नाही रे बेआट, खुर्ची नको, मी बसायला आलेले नाही. वेर्नीने ही कार्बाइन तपासायला टाकलीये ना तुझ्याकडे, एवढंच सांगायचं त्याला : बंदुकीची नळी गेली. झिजली, संपली, आता हिच्याकडून काही होणं नाही. तू सांगितलंस की वेर्नी ऐकेल. माझं नाही ऐकणार, मी काय, नुसती बायको, तू बंदुका दुरुस्त करणारा. असा बघू नकोस, मला माहितीये नळी चांगली आहे. रोज संध्याकाळी तिच्यातून फडकं फिरवतो तो, आमच्या घरात दुसऱ्या कुणाचे एवढे लाड नाहीत. चांगली आहे म्हणून तर आले ना, खराब असती तर तू आपणहून सांगितलं असतंस. तुझा बाप असता तर एव्हाना हो म्हणून मोकळा झाला असता. तोंडावर खोटं बोलायचा, देवमाणूस होता.

रविवारचं तुझ्या कानावर आलंच असेल. — आलं? काय, वेर्नीची बंदूक बिघडली, एवढंच ना? बरोबर. तेवढंच झालं. वर्षाची मैदानी नेमबाजी, अख्खं गाव तिथे, आम्ही दोघं शेजारी शेजारी पालथे पडलेलो — मी आपली नेमबाजी मंडळाची रायफल घेऊन, गंमत म्हणून, मी पिस्तूलवाली बाई, तीनशे मीटरवरचं ते काळं टिकलीएवढं काहीतरी, त्यात माझा जीव रमत नाही. आणि तो त्याची कार्बाइन घेऊन. काय सुंदर मारतो रे तो अजून! गोळी भरायचा खटका सरळ मागे, सरळ पुढे, मध्ये श्वासाचासुद्धा आवाज नाही. आणि गोळी कुठे लागली ते दाखवणारी त्याची स्क्रीन कोरी. एक गोळी नाही, दुसरी नाही. तो म्हणतो स्क्रीन बिघडली. अध्यक्ष हान्सपेटर आला, तपासली, स्क्रीन ठणठणीत. मग म्हणे, बंदूक बिघडली. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतील — म्हणू देत, आमच्याकडे अंगण वाकडंच ठरायला हवं, म्हणून तर आले मी.

आणि माझी स्क्रीन? — माझी भरत होती. मी चापाला बोटसुद्धा लावलं नव्हतं, आणि मध्यभागी ठिपक्याला ठिपका चिकटतोय, सगळे एका कपाच्या बशीत मावतील असे. माझ्या टार्गेटवर मारत होता तो! टार्गेटच्या नंबराची पाटी एवढी पुरुषभर उंच, आणि त्याला — आता उन्हाने रंग उडालाय पाटीचा, ते पण आहे. कोपराने मी स्क्रीन हळूच माझ्याकडे वळवली. मग काय करणार होते? उठून ओरडू, की अहो मंडळी, माझ्या नवऱ्याला शेजारचं टार्गेट कुठलं ते दिसत नाही? मंडळाची नेमबाजी तो शिकवतो, बेआट. तुलाही त्यानेच शिकवलंय. मी माझ्या सगळ्या गोळ्या मागच्या मातीच्या बांधात घातल्या. मातीला काय, माती कुणाला सांगायला जात नाही. आणि मला मानाचा बिल्ला मिळाला. इतक्या वर्षांत पहिला. भोजनगृहात सगळे उठून उभे राहिले, सॉसेज हातात घेऊन टाळ्या कशा वाजवतात ते तेव्हा कळलं. सगळ्यात जोरात वेर्नीच वाजवत होता.

हे मी तुला सांगितलेलं नाही. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे.

तर. नळी गेली, नवी घालण्यात अर्थ नाही, आता या वयात पिस्तूल बरं, असं म्हण. मी ठरवून आलेय. ते काळं दाखव — हे नको रे, याचा चाप म्हणजे गंजलेल्या फाटकाची कडी, ओढता ओढता माणूस म्हातारा व्हायचा. ते बारीक गोळीचं दे. हां. बघ, हातात घेतल्या घेतल्या मनगट खूश होतं, जड नाक, नेम धरायची पुढची माशी कशी आपणहून मागच्या खाचेत येऊन बसते. आणि चाप — वाळकी काडी मोडावी तसा. हेच घेऊ. पिस्तुलाला तो ‘कागदाला भोकं पाडायचं यंत्र’ म्हणतो, म्हणू दे. पंचवीस मीटरवर शेजारचं टार्गेट कुठलं ते आंधळ्यालाही — म्हणजे, कुणालाही कळतं. गुरुवारी आम्ही दोघं तळघरातल्या हॉलमध्ये मारू, मग वर येऊन कॉफी. तो बंदुकीशिवाय घरी बसला ना, तर खिडकीशी बसून राहील, मला ठाऊक आहे. तेवढं होऊ देणार नाही मी. सांगशील ना?

मापाची टेप कशाला काढलीस?

हात? माझा हात कशाला? — कोपरापासून बोटापर्यंत? अरे, असं मोजून बंदुकीचा खांद्याला टेकवायचा दस्ता कापतात, एवढं मलाही कळतं. कुणाच्या बंदुकीचा? — ही? हिचा दस्ता? त्याच्या कार्बाइनचा?

तपासायला नव्हती आणली त्याने.

काय म्हणाला? नीट सांग, जसं म्हणाला तसं. — ‘एल्सबेथच्या मापाने आखूड कर.’ पुढे? — ‘नळी बघू नकोस, नळी चांगली आहे.’ असं म्हणाला. स्वतःहून. म्हणजे त्याला ठाऊक होतं, ते ठिपके कुणाचे — आणि रविवारी तिथे उभा राहून टाळ्या वाजवत होता, गाढव!

थांब, एक मिनिट थांब. हात धरलाय सरळ, घे माप. मी वेर्नीला काही विचारणार नाही, आणि मी येऊन गेले हे तूही बोलायचं नाहीस. ते पिस्तूल बांधून ठेव. झालं मोजून? मग सोड हात. — अरे, आत्ता नको! ठेव ती करवत खाली. मी कोपऱ्यावरून वळले की मग काप. येते मी. दार लाव.